बाहेरच्या माणसांना दिलेली जेवणं

देशभर घरोघरी जाऊन सरकार माणसांना जे प्रश्न विचारतं, त्यांची उत्तरं शेवटी आमच्यासारख्यांच्या संगणकावर येऊन पडतात. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरांचा एक रकाना. आम्ही त्याला व्हेरिएबल म्हणतो. असे हजारो रकाने, आणि त्यांची नावं गाड्यांच्या नंबरप्लेटसारखी. ‘घरात पाणी कोण भरतं’ हा प्रश्न नेमका कुठल्या वर्षाच्या कुठल्या फाइलीत आहे, असल्या शोधात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणून आमच्या छोट्या संस्थेनं एक शोधयंत्र करायला घेतलं. साध्या भाषेत विचारा, ते रकाना दाखवतं. एवढंच.

पण ‘एवढंच’ म्हणून कुठल्याच संस्थेचं भागत नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये ‘माहितीचं लोकशाहीकरण’ हा शब्द इतक्यांदा वापरला, की उद्घाटनाला समई लागणार हे मी तेव्हाच ओळखलं. मग फर्मान निघालं: प्रत्येकानं सर्वसामान्य माणसाकडून काही प्रश्न घेऊन यावेत. सर्वसामान्य माणूस कुठे मिळतो, हे मात्र सांगितलं नाही. माझ्याकडे एक होता. दर रविवारी जेवायला यायचा.

माझे सासरे. लातूरकडून तरुणपणी पिंपरीत आले आणि निवृत्तीपर्यंत कंपनीच्या स्टोअरमध्ये राहिले. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत ते एकटे. आम्ही चऱ्होलीत फ्लॅट घेतला तेव्हाच एक खोली बाबांची म्हणून धरली होती. खोलीत पलंग होता, पंखा होता, खिडकीतून समोरच्या नव्या बिल्डिंगचा सांगाडा दिसत होता. बाबा तेवढे नव्हते. “या आता कायमचे,” असं नवरा दर रविवारी म्हणायचा आणि “बघू की,” असं ते दर रविवारी म्हणायचे. तिकडे ते सकाळी भात लावतात आणि तोच दोन्ही वेळेला लोणच्याशी खातात, हे शेजारच्या काकूंनी आम्हाला फोनवर सांगितलं होतं. फोन नसता केला तरी कळलं असतं. शर्ट खांद्यांवरून उतरायला लागला होता.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

“काय बी विचारलं तरी सांगतं व्हय हे?”

“उत्तर नाही सांगत, बाबा. उत्तर कुठल्या कपाटात आहे ते सांगतं.”

“आमच्या स्टोअरात होता एक असला. काय मागितलं की बसल्या जागेवरनं कपाटाकडं बोट दाखवायचा.” जरा थांबून ते म्हणाले, “त्याला बढती मिळाली.”

त्यांनी आधी मोटरसायकलींचं विचारलं, मग चुलीच्या जळणाचं. दोन्ही रकाने झटक्यात सापडले. मी खूश होते. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि विचारलं, “एकट्यानं जेवणाऱ्या माणसाचं काय हाय का त्यात?”

मी शब्द न बदलता टाइप केलं. यंत्रानं जरा विचार केल्यासारखं केलं आणि तीन रकाने दाखवले. एक, घरात माणसं किती. दुसरा, दिवसाला जेवणं किती. तिसरा होता ‘कुटुंबाबाहेरच्या व्यक्तींना दिलेली जेवणं’.

“हे तिसरं काय?”

“सर्व्हेवाला विचारतो, गेल्या महिन्यात तुम्ही बाहेरच्या माणसांना किती वेळा जेवू घातलं. म्हणजे आणलेलं धान्य घरच्यांनी किती खाल्लं याचा हिशेब चुकत नाही.”

नवरा सोफ्यावरून हसला. “बाबा, म्हणजे तुमची रविवारची जेवणं त्यात जाणार!”

बाबाही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घरचा कोण आन् बाहेरचा कोण, हे कसं ठरवतेत?”

खोटं सांगता आलं असतं, पण कामाची सवय. मी म्हणाले, “नातं बघत नाहीत. एका स्वयंपाकघरातलं नेहमी जेवतात, ती एका घरची माणसं. घरात राहणारा नोकर तिथंच जेवत असला तर तो घरचा. मुलगा वेगळं शिजवून खात असला तर तो नाही.”

“मग मी तुमच्या घरचा न्हाई.”

“बाबा, काहीतरीच काय! ते सर्व्हेपुरतं असतं,” नवरा उठून बसला.

“अरे, चिडून न्हाई म्हणत. बरोबर हाय त्याचं.” त्यांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. येताना तिच्यात केळी असायची. दर वेळी. आणि ते नेहमीच्या बसनं गेले.

भांडी आवरताना मला काचेचा डिनर सेट दिसला. तो आम्ही फक्त पाहुण्यांना काढतो. बाबांसाठी दर रविवारी निघायचा. श्रीखंड आणलेलं असायचं, पापड तळलेले असायचे, त्यांनी ताट उचललं की आम्ही दोघं “राहू द्या, राहू द्या” म्हणत धावायचो. त्यांना कधी कुणी दळण आणायला सांगितलं नव्हतं. तेही बेल वाजवून येत, केळी देत, स्वयंपाकघरात पाऊल न टाकता सगळं छान झालंय म्हणत. ‘या आता कायमचे’ असं आपण ज्याला म्हणत होतो, त्याला आपण दर आठवड्याला नीट, प्रेमानं परत पाठवत होतो.

बुधवारी सकाळी मी त्यांना फोन केला.

“बाबा, मला दुपारभर मीटिंग आहे आणि गवार निवडायची पडलीये. येता का?”

पलीकडे पिशवी झटकल्याचा आवाज आला. मग, “येताना काय आणू?”

“कोथिंबीर. आणि केळी आणू नका, रविवारचीच काळी पडलीयेत.”

आळंदीच्या बसनं आले. बसमध्ये एका विद्यार्थ्याचा मृदंग सीटवर आणि आपण उभे, अशी तक्रार करतच आले. मी दार उघडून पुन्हा लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये गेले. साहेब समईच्या तेलाबद्दल बोलत होते. बाबांनी गवार निवडली. मीटिंगच्या मधल्या सुट्टीत जेवायला आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा होता, गवारीची भाजी आणि घाईघाईतलं वरण, स्टीलच्या ताटात. पाहुण्यापुढे ठेवायची मला लाज वाटली असती.

त्यांनी वरणाचा घास घेतला आणि थांबले.

“मीठ न्हाई ह्यात.”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं होतं. मी उठणार होते. उठले नाही. ते स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले. एक कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. डबे सरकवल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. मीठ कुठे आहे ते मला माहीत होतं. मी कुस्करा खात राहिले.

“चहापत्तीच्या मागं मीठ ठेवतेत व्हय?” ते आतून ओरडले. “काय ही मांडणी! उद्या सगळं काढून नीट लावतो.”

मी माझं ताट पुढे केलं. त्यांनी माझ्याही वरणात मीठ घातलं, जरा जास्तच.