दोन बोटांचे साडेसातशे

१९७० सालच्या खंडेनवमीला सकाळी अकराच्या सुमारास मला साडेसातशे रुपये मिळाले. जागा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला आमचा कारखाना. हजर होते मालक, मालकांचे वडील, फोरमन, आम्ही बारा कामगार आणि जेवायला बोलावलेला माझा साडू. पैसे माझ्या दोन बोटांचे होते.

बोटं त्याच वर्षी श्रावणात गेली. मी पॉवर प्रेसवर पत्र्याचे वायसर कापत होतो. पत्रा अडकला, तो डाव्या हाताने सरकवायला गेलो आणि पाय पेडलवर पडला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही मुळापासून गेली. मालकांनी स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. दीड महिना पूर्ण पगार घरी पोचवला. महिन्याला दोनशे दहा रुपये मिळत होते, त्यात एक पैसा कमी केला नाही. बरा झाल्यावर पुन्हा प्रेसवर न लावता स्टोअरमध्ये बसवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन पुजतात. त्या दिवशी माझ्या प्रेसलाही झेंडूची माळ होती. आरती झाल्यावर मालकांच्या वडिलांनी मला पुढे बोलावलं, डोक्याला गुलाबी फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि पाकीट दिलं. म्हणाले, "ह्यो आमच्या घरचा माणूस. ह्येचं बोट गेलं म्हंजे आमचं गेलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साडू कोपऱ्यात उभा होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला कोडोलीला, नोकरी शिरोलीकडच्या एका लेथच्या कारखान्यात. जेवताना तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "पावणं, नशीब काढलंसा. आमच्या मालकानं च्या बी पाजला नसता." त्याचं लक्ष जिलेबीकडे नव्हतं, माझ्या फेट्याकडे होतं. ते मला त्या जिलेबीपेक्षा गोड लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचंही बोट गेलं. लेथच्या पट्ट्यात उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं पहिलं बोट सापडलं. त्याचा मालक दवाखान्यात फिरकला नाही. उलट मस्टरवर खाडे मांडले आणि पंधरा दिवसांनी निरोप धाडला की कामावर यायचं तर ये, नाहीतर दुसरा बघतो. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारीपाजारी बसले होते. मी सर्वांसमोर सांगितलं, "मालक बघून नोकरी धरायची असते." साडू हसला. म्हणाला, "व्हय की. पुढच्या जन्मी तुमचा मालक मागून घेतो."

पण त्याने पुढच्या जन्माची वाट पाहिली नाही. कुणीतरी त्याला वकील दाखवला. कामावर असताना इजा झाली तर भरपाई द्यायचा कायदा आहे आणि ती ठरवायला दिवाणी न्यायाधीशच आयुक्त म्हणून बसतात, हे त्याला तिथे कळलं. सहा-सात महिने तो तारखांना गेला. शेवटी त्याच्या मालकाला पंधराशे अडुसष्ट रुपये कोर्टात भरावे लागले. एका बोटाचे पंधराशे अडुसष्ट.

हे मला बायकोकडून कळलं. ती बहिणीला भेटून कोडोलीहून आली आणि पिशवीतून पितळी डबा काढत म्हणाली, "त्येंनी म्हस घेतली. पयला खरवस दिलाय." मी एक घास खाल्ला आणि गूळ जास्त झाला म्हणून ताटली सारली. गूळ बरोबर होता.

"अवं," ती म्हणाली, "त्येंचं एक, तुमची दोन. मग आपलं कमी कसं वं?"

"आपले मानानं मिळाले."

"म्हशीला मान घालतील व्हय वैरणीत?"

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. स्टोअरमध्ये बोल्ट मोजताना पंधराशे अडुसष्टमधून साडेसातशे वजा करी. आठशे अठरा. माझ्या दोन बोटांपेक्षा त्याचं एक बोट आठशे अठरा रुपयांनी महाग. पाहुण्यांत कुठे गेलो तर पूर्वी माझ्या फेट्याची गोष्ट निघायची, आता त्याच्या म्हशीची निघू लागली. दोन वेळचं मिळून सात लिटर देते म्हणे. मला तर असंही वाटे की आपला मालक वाईट असता तर बरं झालं असतं. दवाखान्यात आला नसता, खाडे मांडले असते, तर मीही गेलो असतो कोर्टात. त्याच्या चांगुलपणाचाच मला राग येऊ लागला होता.

एका रविवारी साडू घरी आला. दूध घेऊन आला, हे सांगायला नकोच. ओट्यावर बसून म्हणाला, "पावणं, तुमचं अजून गेल्यालं न्हाय. वकिलाला इचारलं मी. पैसं ठरलं तर त्येचा करारनामा मालकानं कोर्टात नोंदवाया लागतो. तुमच्या मालकानं नोंदवलाय व्हय?"

"घरच्या माणसाशी करारनामा करत नाहीत."

"मग झालंच की. नोंद न्हाय, तर पुरी भरपाई द्याया लागती. आदी दिल्यालं निम्मंच वजा हुतं. फकस्त दोन वर्सांच्या आत अर्ज पायजे. तुमचं बोट श्रावणात गेलतं न्हवं?"

जेठ चालू होता. मी म्हणालो, "खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आहोत आम्ही."

"जागा की," तो उठत म्हणाला, "पर मीठ कवा मोजून बघितलंय काय?"

त्याने सांगितलं म्हणूनच मला ते करायचं नव्हतं. उद्या पैसे मिळाले तर ते त्याच्या अकलेने मिळाले, असं पाहुण्यांत होणार. न मिळाले तर नोकरी जाणार. तीन आठवडे मी तसेच काढले. पण आठशे अठरा काही डोक्यातून जाईना. शेवटी मुदतीला थोडे दिवस उरले असताना त्याच वकिलांकडे गेलो आणि साडूला कळू देऊ नका असं बजावलं. वकील म्हणाले, "त्यांनीच तुमचे कागद तयार ठेवायला सांगितलेत."

नोटीस गेली त्या दिवशी मालक स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतंस. मी न्हाय म्हणालो असतो काय?" कदाचित दिलेही असते. कदाचित आणखी शंभर रुपये आणि दुसरा फेटा दिला असता. मी मान खाली घालून बोल्ट मोजत राहिलो. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, फक्त खंडेनवमीच्या जेवणाला बोलावलं नाही.

साक्षीच्या दिवशी मालकांच्या वकिलांनी मला विचारलं, "साडेसातशे मिळाले?"

"मिळाले."

"सगळ्यांसमोर, मानाने?"

"हो."

"खूश होता?"

"होतो."

"मग दोन वर्षं संपत आल्यावर अर्ज का केलात?"

माझ्या वकिलांनी शिकवलं होतं की कायदा माहीत नव्हता असं सांगा. तेही खरं होतं. पण शपथ घेतली होती, आणि मागच्या बाकावर साडू बसलेला दिसत होता. मी म्हणालो, "साडूला जास्त मिळाले म्हणून."

कोर्टात हसू फुटलं. पट्टेवालासुद्धा हसला. मालकांचे वकील ताडकन म्हणाले, "साहेब, बघा, हेव्यापोटी अर्ज आहे हा. भरपाईसाठी नाही." माझं काम बुडालं असं मला वाटलं. पैसे गेले, नोकरीही जाणार, आणि वर साडूसमोर हसं झालं.

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मला हात वर करायला सांगितला आणि सरकारी डॉक्टरांच्या दाखल्याशी ताडून पाहिला. मग मालकांना विचारलं, "करारनामा नोंदवला होता?"

मालक म्हणाले, "साहेब, मी त्याला फेटा बांधला. वडिलांच्या हातानं."

"ते ऐकलं मी. नोंदवला होता का?"

"न्हाय. घरच्या माणसाशी लिहून काय घ्यायचं?"

"घेतलं असतंत तर आज तुमचं काम सोपं झालं असतं," न्यायाधीश म्हणाले. "हा माणूस कशासाठी आला ते मला ठरवायचं नाही. बोटं किती गेली आणि पगार किती होता, एवढं ठरवायचं आहे."

एका हाताची दोन बोटं गेली तर कमावण्याची शक्ती वीस टक्के गेली असं धरतात. माझ्या पगाराच्या गटाला पूर्ण भरपाई अकरा हजार दोनशे, त्याचे वीस टक्के म्हणजे बावीसशे चाळीस रुपये झाले. साडेसातशेचे निम्मे म्हणजे तीनशे पंचाहत्तर वजा गेले. हुकूम अठराशे पासष्टचा झाला. आधीचे साडेसातशे धरून माझे एकूण सव्वीसशे पंधरा. साडूपेक्षा एक हजार सत्तेचाळीस जास्त. जिना उतरेपर्यंत मी फार आनंदात होतो.

खाली आल्यावर भागाकार केला. माझ्या एका बोटाला तेराशे सात रुपये पन्नास पैसे. त्याच्या एका बोटाला पंधराशे अडुसष्ट. वकिलांना विचारलं, हे कसं? ते म्हणाले, पगाराचा गट दोघांचा एकच, पण अंगठ्याजवळच्या पहिल्या बोटाचे एकट्याचे चौदा टक्के धरतात, तुमच्या दोन्हींचे मिळून वीस. कायद्यातच त्याचं बोट माझ्या बोटापेक्षा मोठं होतं. त्याला आता कुठे अर्ज करणार?

१९७३ च्या मार्चमध्ये पैसे घ्यायला गेलो. पैसे देणाऱ्या नाझरांनी ओळख पटवायला माणूस मागितला. त्या कचेरीत मला कोणी ओळखत नव्हतं, साडूला सगळे ओळखत होते. त्याला कोडोलीहून बोलवावं लागलं. तो आला, नाझरांशी दोन शब्द बोलला आणि सही केली. बाहेर येताना म्हणाला, "एका बोटाला किती पडलं, हिशेब केला असशीला."

"नाही केला," मी म्हणालो.

नाझरांनी मला दिले अठराशे पासष्ट. त्यातले दीडशे मी तिथेच वकिलांना दिले. साडूला एसटीचं भाडं देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही. कोर्टासमोर आम्ही दोघांनी चहा घेतला. त्याचे साठ पैसे त्यानेच चहावाल्याला दिले.