चार सेंटीमीटरवरची शाळा

ज्याने वहाळात कधी पाय बुडवला नाही, त्याच्या हातात नकाशा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला एका साहेबाने दिलं, तेही फुकट.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या शाळेत पोरं सात. दुसरी शाळा एक किलोमीटरपर्यंत असेल तर वाडीतली बंद करायची, असा हुकूम निघाला होता. माझी बहीण त्याच वाडीत दिलेली आणि तिची धाकटी तिसरीत, म्हणून मी महाडहून गेलो. अंतर मोजायला आलेले शिक्षण खात्याचे साहेब गाडीतून उतरून पाच पावलं चालले आणि दमून ओट्यावर बसले. नकाशा पसरून त्यांनी वाडीच्या शाळेपासून खालच्या शाळेपर्यंत पट्टी टेकवली. चार सेंटीमीटर. सेंटीमीटरला अडीचशे मीटर, म्हणजे बरोबर एक किलोमीटर. चहा निवायच्या आत शाळा संपली.

बहीण म्हणाली, “सायब, ती पट्टी घेऊन खाली चला ना. मधी कडा हाय. वाट वहाळापलीकडं जाते नि परत अलीकडं येते. पावसात पोरं जायाची नाय.”

साहेब हसले. “बाई, दोन्ही शाळा एकाच काठाला आहेत. ओलांडायचा प्रश्नच कुठे येतो?”

धन्य तो मेंदू! त्याच आठवड्यात मी कॉलेजात बारावीला जनुकांमधलं अंतर शिकवत होतो. गुणसूत्रावर दोन जनुकांच्या मधे अदलाबदल जितकी जास्त, तितकं त्यांच्यातलं अंतर जास्त धरायचं. पण अदलाबदल दोनदा झाली की टोकं पुन्हा पहिल्यासारखी दिसतात. मोजणारा म्हणतो, काही घडलंच नाही, आणि अंतर कमी भरतं. म्हणून मधलं तिसरं जनुक बघायचं असतं. साहेबाला मधलं काही बघायचंच नव्हतं. मधे माझी भाची होती.

मी बहिणीकडून शिवणाचा दोरा मागितला, नकाशावरच्या पायवाटेवर वळणावळणाने लावला आणि सरळ करून पट्टीवर धरला. अकरा सेंटीमीटर, म्हणजे पावणेतीन किलोमीटर.

“आता बोला,” मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. “सर, ओळखलं नाहीत? कॉलेजात जाण्याआधी तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात, तेव्हा मी तुमच्याच वर्गात होतो. हा दोऱ्याचा भाग तुम्ही घेतलाच नव्हता. ‘परीक्षेला येत नाही, पट्टीनेच मोजा,’ म्हणाला होतात.”

नव्हता घेतला. मला पोर्शन उरकायची घाई होती आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी पोरं हवी होती. याला दहापैकी दहा मीच दिले होते. लाज वाटली, पण तेवढ्याने हुकूम फिरत नाही; साहेबांनी कागदावर पट्टीचाच एक किलोमीटर लिहिला.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. वहाळाला पाणी असलं की भाची घरीच बसते. परवा भाचीने विचारलं, “मामा, तो सायब तुझ्याकडं शिकला ना? हुशार होता काय रे?”

“पहिल्या नंबराचा,” मी म्हणालो.