ऑटोतल्या दोघी बहिणी

पंचवीस वर्षं अमरावतीत क्लासच्या मुलींचा ऑटो चालवतो आहे. आता कंबर धरते, डोळे थकले, पण कान काही रिटायर होत नाहीत. मुलींना वाटतं, ऑटोवाल्याला नुसती पाठ असते! म्हणून किस्से साचत गेले, सीटखाली धूळ साचते तसे.

*

उजवीकडचा आरसा माझ्यासाठी कधीच नव्हता. मुलींनी वार वाटून घेतले होते. जिचा नंबर, ती कडेला बसणार आणि आरसा तिच्याकडे वळणार. पिंपल, नाक, भुवया, सगळ्याची रोज तपासणी.

एकदा ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. "बुवा, आरसा उलटा काहून?"

"साहेब, आज सोमवार. सोमवारी समीक्षाचा नंबर असते!"

त्यानं मागं पाहिलं आणि हात हलवला. "मलेबी दोन पोरी आहेत. जा."

*

समीक्षा दहावीत, तिची मोठी बहीण प्रज्ञा बारावीत. प्रज्ञानं लायब्ररीतून एक कादंबरी आणली. तिच्यातही दोन बहिणी, आणि दोघींना आवडणारा मुलगा एकच! प्रज्ञा मोठ्यानं वाचायची, बाकीच्या गप्प ऐकायच्या. मी चौथी शिकलेला, पण माझंही लक्ष तिकडेच. एके दिवशी क्लासचं फाटक आलं आणि गेलं.

"काका, क्लास मांगं राह्यला!"

"राहू दे. पहिले सांग, त्या लहानीचं काय झालं?"

*

क्लाससमोर एक चष्मेवाला मुलगा सायकल टेकवून उभा असायचा. ऑटोकडे पाहून हसायचा. समीक्षाला वाटायचं, आपल्याकडेच पाहतो.

"काका, जरा हळू चालवा ना!"

"बाई, यापेक्षा हळू म्हणजे उभाच राह्यतो!"

एका संध्याकाळी तो मुलगा माझ्याजवळ आला. "काका, त्या मोठीचं नाव काय?"

समीक्षा मागंच बसली होती.

*

दुसऱ्या दिवसापासून दोघी बहिणींच्या मध्ये दप्तर. प्रज्ञानं त्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं, "पुन्हा इकडं दिसला, तर तुही सायकल नालीत टाकीन!"

समीक्षा आणखीच चिडली. "तू काहून बोलली त्याले? सगळे तुलेच पाहतेत. आता माह्यं भांडणही तूच करशील?"

सोमवारी तिनं हात लांब करून आरसा माझ्याकडे वळवला. "घ्या काका. तुमी रस्ता पाहा."

इतकी वर्षं मुलींच्या गोंगाटानं मी कंटाळलो नाही. त्या शांततेनं थकलो. परीक्षा झाल्या, निकाल लागले. अख्खा उन्हाळा दोघी घरातही बोलल्या नाहीत, असं त्यांची आई सांगत होती.

*

प्रज्ञाला अकोल्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला आणि तिच्या आईला मीच बस स्टँडवर सोडलं. समीक्षा सोबत आली, पण ऑटोतून उतरली नाही.

प्रज्ञा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "जातो वं मी, समी."

समीक्षानं तोंड दुसरीकडे फिरवलं. दोघी मायलेकी बसमध्ये चढल्या. बस फाटकाबाहेर पडली, तशी समीक्षा म्हणाली, "काका, बसच्या मांगं चला."

"बाई, हा ऑटो आहे! ते एस.टी. आहे!"

"काका, चला ना!"

आयुष्यात ऑटो इतका कधी पळवला नाही. बडनेऱ्याला बस थांबली. समीक्षा धावत आत चढली. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, तिकीट!"

दोन मिनिटांनी ती उतरली. डोळे लाल. पायात प्रज्ञाच्या चपला होत्या. बोटभर मोठ्या, चालताना टाचेला फटफट वाजणाऱ्या.

समीक्षाच्या चपला घेऊन बस अकोल्याकडे निघून गेली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. चला काका."