सोपान उठला का?

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. माणसानं फक्त कॅचर व्हावं, ते आपोआप साचतात. बेसबॉलमध्ये कॅचर म्हणजे बॅटरच्या मागं उकिडवा बसून पिचरनं टाकलेला चेंडू झेलणारा गडी. बॅटर पुटपुटतो ते त्याला ऐकू येतं, पिचर कण्हतो ते ऐकू येतं, अंपायरनं दुपारी काय खाल्लंय तेही कळतं. मी चौदा वर्षं परभणी जिल्ह्याच्या टीमचा कॅचर होतो. पेपरात नाव यायचं पिचरचं. माझ्या वाट्याला हे किस्से आले आणि दोन गेलेले गुडघे.

आता माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तिथं चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "दिलीपभाऊ, ते सोपानचं सांगा की." सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगा. बरं, सांगतो.

सोपान पालमकडचा. घरात मेंढरं. वडील, म्हणजे आबा, मेंढरांमागंच म्हातारे झाले. सोपान आज एका सरकारी खात्याच्या टीममध्ये पगारी पिचर आहे, त्यातही रिलीफ पिचर. खेळ नऊ इनिंगचा. त्यातल्या आठ इनिंग हा बाकावर बसून असतो. पहिला पिचर थकला की हा उठतो, शेवटचे दोन-तीन गडी काढतो आणि बूट सोडतो.

* * *

काझी सर आमचे कोच. पालमला निवड चाचणी होती, तेव्हा सोपान अकरावीला होता आणि चपला घालून आला होता. सरांनी भिंतीवर खडूनं चौकट काढली, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत येईल एवढी. म्हणाले, "इसके अंदर मार."

सोपाननं दहा चेंडू टाकले. दहाही चौकटीच्या बाहेर, डावीकडं एक वीत. आदल्या दिवशी पाऊस झालेला, चेंडू काळ्या मातीनं माखलेला, त्यामुळं भिंतीवर डाग उठत होते. मी डाग मोजायला गेलो तर डाग एकच होता.

सर माझ्या कानात म्हणाले, "दिलीप, ये लडका अंधा है या उस्ताद?"

सोपाननं स्वतःच खुलासा केला. "सर, जनावराला दगड लागू द्यायचा नसतो. त्याच्या नाकापुढं टाकायचा, म्हंजे ते वळतं."

"अरे बेटा, इथं जनावर कुठाय? इथं भिंत आहे."

सोपानला पटलं. मान हलवली, अकरावा चेंडू टाकला. त्याच डागावर.

* * *

पहिल्या मॅचला सरांनी हौसेनं त्यालाच सुरुवात दिली. आता बेसबॉलचा नियम असा, की चौकटीत पडलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. आणि चौकटीबाहेर चार चेंडू पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. समोरचे पहिले पाच बॅटर चालतच गेले. सहाव्यानं तर बॅट बगलेत धरली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. सरांनी सोपानला काढलं, तेव्हा तो मला विचारत होता, "भाऊ, हे मारीत का न्हाईत?"

पुढच्या मॅचला शेवटच्या इनिंगला आमच्या पिचरचा खांदा दुखावला. दुसरं कोणी नव्हतंच, म्हणून सोपानला उठवलं. समोरच्यांना दोन रन हव्या होत्या आणि घाई सुटली होती. जो यायचा तो बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवायचा. वीतभर लांबून चेंडू जायचा आणि बॅट हवेत. तीन गडी, दहा मिनिटं, खेळ खलास.

सरांनी सुपारी तोंडात टाकली. म्हणाले, "भूखा आदमी थाली नहीं देखता. मियाँ, आजसे तुम आखिर में."

तेव्हापासून सोपान शेवटी. चार-पाचात एखादा सरळ चेंडू टाकायला मी त्याला शिकवलं, तेही शिव्या देऊन. पण शेवटचा चेंडू कायम नाकापुढं. त्यात त्यानं कधी कोणाचं ऐकलं नाही.

* * *

सोपानची एकच इच्छा होती. आबांनी आपल्याला एकदा तरी चेंडू टाकताना बघावं. बाकी त्याला कप नको, फोटो नको.

आबा परभणीला तीनदा आले. पण पालमची एसटी साडेचारला आणि शेवटची इनिंग पाचच्या पुढं. एसटी चुकली तर मेंढरं कोण कोंडणार? तिन्ही वेळेला आबांनी पोराला बाकावर बसलेलंच बघितलं आणि गेले.

पहिल्यांदा आले तो मे महिना होता. परभणीचा मे, मी काय सांगावं. आणि सोपान बाकावर स्वेटर घालून बसलेला, तोही एकाच बाहीचा. उजवा हात स्वेटरमध्ये, बाकी स्वेटर खांद्यावर. पिचरला फेकायचा हात ऊबदार ठेवावा लागतो.

आबांनी मला बाजूला घेतलं. "लेकरा, ताप हाय का ह्याला?"

"नाही आबा. हात गार पडू नये म्हणून घातलाय."

"म्हंजे अर्ध्याच अंगाला ताप हाय?"

मी पुष्कळ समजावलं. आबा ऐकून घेऊन गेले ते मेडिकलमधून तापाच्या दोन गोळ्या घेऊन आले. समोर उभं राहून सोपानला गिळायला लावल्या, कपाळाला हात लावून बघितला आणि सरांना म्हणाले, "आजारी लेकरू हाय, आज उठवू नका." मग एसटी गाठायला पळाले. तासाभरानं सोपाननं तीन गडी काढले. त्या दिवशी त्याला घाम मात्र लय आला.

* * *

आमच्या खुणा समोरचे चोरायला लागले होते. कॅचर बोटांनी खूण करतो, डावीकडं टाक, खाली टाक. सोपान म्हणाला, "भाऊ, बोटं सोडा. मेंढरांच्या हाका देऊ. ह्या शहरातल्याला काय कळायलंय?"

महिनाभर त्यानं मला हाका शिकवल्या. थांबवायची, चालवायची, वळवायची. माझ्या बायकोनं मला अंगणात झोपायला सांगितलं, पण मी शिकलो. वळवायची हाक म्हणजे जिभेनं टाळूला दोन टिचक्या आणि एक लांब हेल. ती दिली की चेंडू नाकापुढं, बाहेर.

पहिल्या मॅचला मी बॅटरच्या मागून वळवायची हाक दिली. अंपायरनं खेळ थांबवून विचारलं, "पोटात कळ आली का?" पण कोड चालला. सहा मॅच कोणाला पत्ता लागला नाही.

सातव्या मॅचला सोलापूरकडची टीम आली. त्यांचा एक आडदांड बॅटर होता, नाव बिरू. मी हाक दिली, चेंडू बाहेर पडला, बिरू हललाच नाही. परत हाक, परत बाहेर, परत दगडासारखा उभा. मी थांबवायची हाक दिली, म्हणजे सरळ टाक, आणि बिरूनं तो चेंडू उचलून पार कलेक्टर ऑफिसच्या दिशेनं धाडला.

बेसांवरून फेरी मारून माझ्याजवळ आल्यावर बिरू वाकून म्हणाला, "भाऊ, हाक बरी देता. आमच्याकडंबी दोनशे मेंढरं हायत."

* * *

सोपानला खात्याच्या टीमनं घेतलं तेव्हा पोरगं रडवेलं झालं होतं. एवढ्या लांब, ओळखीचं कोणी नाही. सरांनी त्याची बॅग स्वतः एसटीत ठेवली. म्हणाले, "घबरा मत. बनी तो बनी, नहीं तो परभणी. वापस आ जा, बाक तेरा खाली है."

बनलं त्याचं. मग रोज संध्याकाळी आबांचा फोन सुरू झाला.

"आज उठलास का?"

"उठलो आबा."

"किती येळ?"

"दहा मिन्टं."

"बरं. बस आता."

एवढंच बोलणं. पण गावात चर्चा. पालमच्या बाजारात एकानं आबांना चार माणसांत टोकलं, "काय आबा, पोरगं म्हणे बसायचा पगार घ्यायलंय?"

आबांनी तंबाखू मळायची थांबवली नाही. "तुझ्या शेतात खतासाठी माझी मेंढरं रातभर बसत्यात. त्याचं तू मला ज्वारीचं पोतं देतोस. ती काय नाचत्यात का तिथं?"

* * *

ताडकळसला मुलगी बघायला गेलो होतो. मी, सर, आबा आणि इस्त्री करून कडक झालेला सोपान. मुलीच्या मामांनी विचारलं, "जावईबापू काम काय करतात?"

सोपान खोटं बोलत नाही, हीच अडचण आहे. म्हणाला, "चेंडू टाकतो. शेवटी."

"अन् त्याच्या आधी?"

"बसतो."

मामा खूश झाले. "म्हंजे सरकारीच हाय की."

मुलीच्या वडलांचं समाधान होईना. बाकीचे खेळणार आणि हा बसणार, हे कसलं काम? सर उर्दूतून समजावायला लागले, त्यामुळं आणखीच गोंधळ झाला. तेव्हा पोह्याचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी, सारिका, म्हणाली, "आप्पा, सगळे थकल्यावर जे काम उरतं ना, ते हे करतात. आपल्या घरात ते मी करते."

सोपाननं पोहे खाल्लेच नाहीत. नुसता बघत बसला. लग्न वैशाखात झालं.

* * *

आता हा शेवटचा. ह्याला मध्ये कोणी बोलायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात खात्याची टीम आपल्याच ग्राउंडवर खेळायला आली. समोर बिरूची टीम. आणि योग असा, की आबांची मेंढरं तेव्हा पेडगावला एका शेतात बसवलेली. परभणीपासून हाकेच्या अंतरावर. मी म्हणालो, आता एसटीचं निमित्त नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढली.

आबा म्हणाले, "मेंढरं कोन बघंल?"

सारिका तिथंच होती. तिनं काठी हातात घेतली. "मामंजी, तुमी जावा. मी ह्यांना चेंडू टाकताना पन्नासदा बघितलंय."

आबा खांद्यावर घोंगडी टाकून माझ्या मागं बसले. ग्राउंडवर काझी सर आधीच जागा धरून बसले होते. समोर बाकावर सोपान, उजव्या हातात स्वेटरची बाही. त्यानं आबांना बघितलं आणि पटकन मान खाली घातली.

आणि त्या दिवशी त्यांचा पहिला पिचर असा काही टाकायला लागला की काय सांगू. थकायचं नावच घेईना. पाच इनिंग झाल्या, सात झाल्या. आबा दर इनिंगला विचारायचे, "उठला का?" मी म्हणायचो, "अजून नाही." पिचर असाच टाकत राहिला तर सोपानला उठवायचं कारणच नव्हतं. आबा आज पाचच्या पुढंसुद्धा बसलेले, आणि पोरगं बसूनच राहणार.

नववी इनिंग आली. सोपानची टीम एका रननं पुढं. दोन गडी बाद, एकच उरलेला. माझा जीव तुटायला लागला. शेजारी बघतो तर काझी सर डोळे मिटून पुटपुटत होते.

"सर, काय मागताय?"

"दुआ. इस पिचर का हाथ थक जाए." मग एक डोळा उघडून म्हणाले, "अल्लाह माफ करे, अपनीच टीम है."

दुआ लागली. एक बॅटर बेसवर गेला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही बेस भरले. मॅनेजर मैदानात गेला, पिचरकडून चेंडू घेतला आणि बाकाकडं हात केला.

सोपाननं स्वेटर काढला.

आबांनी माझं मनगट धरलं. "उठला."

समोर बॅट घेऊन आला कोण, तर बिरू. अख्ख्या महाराष्ट्रात सोपानचा चेंडू ओळखणारा एकच माणूस, तो आज नेमका समोर. सोपाननं बाहेर टाकला, बिरू हलला नाही. सोपाननं सरळ टाकला, बिरूनं तो तडकावला, पण रेषेबाहेर गेला, म्हणजे तोही स्ट्राइकच. असं करत करत तीन बाहेर पडले आणि दोन स्ट्राइक झाले. आता एकच चेंडू. बाहेर पडला तर बिरू चालत जाणार, भरलेल्या बेसांवरचे एकेक पुढं सरकणार आणि समोरच्यांना फुकटात रन मिळून बरोबरी. सरळ पडला तर बिरूची बॅट तयार.

सोपाननं हात मागं नेला, आणि माझ्या शेजारून हाक उठली. जिभेच्या दोन टिचक्या आणि लांब हेल. वळवायची हाक. माझ्यासारखी नकली नाही, पन्नास वर्षं मेंढरांमागं फिरलेल्या गळ्यातली. आबांना बहुतेक आपण ओरडलो हेही कळलं नाही.

सोपाननं ती ऐकली. बिरूनंही ऐकली. मला इथून दिसलं, बिरूचे खांदे सैल पडले.

चेंडू सरळ गेला. मधोमध. बिरू बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत राहिला आणि अंपायरनं मूठ वर केली.

टीमनं सोपानला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. आम्ही तिघं मैदानात उतरलो. पण आमच्या आधी बिरू आला. आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, तुमी तर वळवायची हाक दिली होती."

"दिली की," आबा म्हणाले. "त्यानं कुठं ऐकली."

तेवढ्यात सोपान आला. घामानं निथळत बापापुढं उभा राहिला. आबांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्या उजव्या हातावर टाकली. नीट, मनगटापर्यंत ओढून घेतली.

"दहा मिन्टं झाली," आबा म्हणाले. "बस आता."

सोपान तिथंच मैदानात बसला. मग आबाही त्याच्या शेजारी बसले.