नांगराला जस्त चढवताना

बाबांच्या होडीचा नांगर मी सरकारी बसमधून डिचोलीला नेला, त्याला आता दोनेक वर्षं झाली. माहेरी त्यावरून अजून मला टोमणे बसतात. बसू देत.

बाबा पंचाहत्तरीला आले तरी तेरेखोलच्या नदीत, मुखाच्या जरा आत, होडी उभी करून गरी टाकत. केरीच्या काठावर आमचं घर. थोरला भाऊ वास्कोला बंदरावर नोकरीला. तो सुट्टीला घरी यायचा आणि बाबा नदीवर असले की त्याचा जीव खाली-वर व्हायचा. त्याची काळजी खोटी नव्हती. पण एका रविवारी त्यानं नांगर ओसरीवर आणून आपटला आणि नखानं गंजाचे पोपडे काढत म्हणाला, "बाबा, ह्यो कुजलो. ओहोटीक सुटलो तर तू थेट दर्यात." त्या दिवशी बाबा जेवणावरून अर्ध्यातच उठले.

पुढच्या आठवड्यात दादानं एका हॉटेलवाल्याला आणलं. त्याला होडी बागेत ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती. नांगर तर त्याला होडीहून आवडला. त्यावर हात फिरवत म्हणाला, गंज मात्र असाच राहू द्या, फार सुंदर दिसतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या लोखंडानं माझ्या बापाला इतकी वर्षं ओहोटीत जागेवर धरून ठेवलं, ते लोकांच्या नाश्त्यापुढे शोभेला मांडायचं? रविवारी टेम्पो घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

मी बाबांना सरळ विचारलं, "नांगर बरो झालो तर होडी विकतलंस?"

त्यांनी हातोडी घेतली, नांगराच्या दांड्यावर तीन-चार ठिकाणी ठोकून आवाज ऐकला. "भितर लोखंड जित्यां आसा," ते म्हणाले. "फक्त वयली कात गेल्या. बरो झालो तर कित्याक विकू?"

कात म्हणजे जस्ताचा थर. खाऱ्या पाण्यात लोखंडाच्या आधी जस्त झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. ते संपलं होतं, इतकंच. डिचोलीला एका शेडमध्ये जस्त चढवून देतात हे मला ठाऊक होतं. दादा म्हणाला, "तू तुझां सासर बघ." मी सासर बघितलं, म्हणजे सासरी फोन करून सांगितलं की तीन दिवस भात तुम्हीच लावा, आणि पणजीच्या माझ्या कचेरीत रजेचा अर्ज पाठवला.

नांगर पोत्यात घालून बसमध्ये चढले तर कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला. "ह्यां काय गे?"

"होडयेचो नांगर."

"आणि ह्यो खयच्या दर्यात टाकतलंस?"

"म्हापशाच्या उतारार तुझे ब्रेक लागाक नाय, तर थयच टाकूया."

अख्खी बस हसली. कंडक्टर मात्र डिचोलीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

नांगर शेडमध्ये देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले तर नांगर समोर पडलेला. फाळ चांदीसारखे लखलखीत, आणि दांड्यावर काळे पट्टे. पट्टे कसले, बोटं! चार बोटं आणि एक अंगठा, स्पष्ट उमटलेली. शेडमधले वयस्क मिस्त्री सावंतवाडीकडचे. त्यांनी चष्मा वर केला. "तेल कोणी लावलां?"

आईनं. आमच्या घरी दसऱ्याला नांगराला खोबरेल आणि शेंदूर लावतात. मी निघाले तेव्हा आईनं तेच केलं. "पैल्यांदाच इतक्या लांब जाता, तसोच उघडो धाडू?" म्हणाली. मी शेजारी उभी होते. शिकलेली, नोकरी करणारी. मला वाटलं, आशीर्वादच तो, लागू दे. शेडमध्ये जस्ताआधी लोखंड नुसतं आम्लात बुडवतात. आम्ल गंज खातं, तेलाला हात लावत नाही. आणि तेल असेल तिथे जस्त बसत नाही.

"आता फुडल्या आठवड्यात," मिस्त्री म्हणाले.

"रविवारी टेम्पो येता."

"कॉस्टिकान घासूक व्हया. माझ्याकडे माणूस नाय."

"मी काय म्हस आसंय?"

ते बघतच राहिले. मग त्यांनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि कामाचा जाड चष्मा कपाटातून काढून दिला. आम्लात आधीचं जस्त उतरवलं आणि मी दुपारभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं तो नांगर घासला. शेंदूर सुटता सुटेना. आईचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. ओढणीला सोड्यानं भोकं पडली. शेवटी मिस्त्रींनी नांगरावर पाणी ओतलं. पाणी कुठेही थेंब न धरता सपाट पसरलं, तेव्हा म्हणाले, "आता जस्त बसतलां."

शनिवारी सकाळी नांगर पुन्हा आम्लातून निघाला आणि तारेला टांगून वितळलेल्या जस्तात गेला. जस्त तडतडलं, धूर झाला. वर आला तेव्हा दांडा, फाळ, कडी, सगळं एकसारखं होतं. एक बोटसुद्धा उरलं नव्हतं. मी तिथेच रडले आणि मिस्त्रींनी पाठ फिरवून बाकीच्यांना कामाला लावलं.

रविवारी भरती पूर्ण भरली तेव्हा बाबा कुणाला न सांगता होडी घेऊन गेले. टेम्पो आला. दादा, हॉटेलवाला आणि मी काठावर. नदीच्या मध्यात बाबांनी नांगर सोडला. थोड्या वेळानं ओहोटी लागली. होडी गर्रकन फिरली, मुखाकडे ओढली गेली. दादानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. दोर ताणला. होडी थांबली. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी धावत होतं आणि ती जागची हलत नव्हती.

हॉटेलवाल्यानं तोंडाशी हात धरून ओरडून विचारलं, होडी कधी आणताय?

बाबांनी गरीला आमिष लावता लावता मान वर केली.

"होडी होयी?" त्यांचा आवाज पाण्यावरून खणखणीत आला. "मगे पोवत ये!"

हॉटेलवाल्यानं पोहून जायचं ते पाणी बघितलं, मग दादाकडे बघितलं. दादानं माझं मनगट सोडलं आणि म्हणाला, "टेम्पो फिरवा."