निरगुडीचा शेक

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती कागदावरच राहू नये म्हणून मी पंधरा वर्षं भांडले. महिला मंडळाच्या बाया घेऊन हातभट्ट्या फोडल्या. बोरगाव मेघेत आमच्या समोरच राहणाऱ्या एका गवंड्याला तर चारचौघांत उभं करून त्याचं तोंड हुंगलं होतं. पुढे त्यानं दारू सोडली. हे मी प्रत्येक सभेत सांगायची.

मग माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं. दुखण्यासाठी पंधरा दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या, अफूच्या जातीच्या. मी त्या दीड वर्ष खाल्ल्या. चिठ्ठी एकच, दुकानं वेगवेगळी. तोंडाला वास येत नाही, त्यामुळे मला कोणी धरलं नाही. शेवटी ह्यांनाच कपाटात रिकामी पाकिटं सापडली.

व्यसनाच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून त्यांची औषधं दिली आणि अंगदुखीला सूज उतरवणारी साधी गोळी. तरी तिसऱ्या दिवशी हाडं ठणकायला लागली, नाक गळत होतं, पाय एका जागी राहीनात. ह्यांनी मोबाईलवर वाचून दाखवलं, की हळदीतल्या, निरगुडीतल्या द्रव्यांनी हा त्रास कमी होतो का, याचे प्रयोग चाललेत. कोणावर, मी विचारलं. उंदरांवर, म्हणाले. मी हातातला पेला भिंतीवर फेकला. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, पाल्यानं शेका हवं तर, पण पोटात भलतंसलतं घेऊ नका आणि माझ्या गोळ्या बंद करू नका.

नाल्याकाठची निरगुडी त्या गवंड्याला माहीत होती, म्हणून ह्यांनी त्यालाच बोलावलं. तो आला तेव्हा हे आंघोळीला गेले होते. मी उशीच्या अभ्र्यात लपवलेली जुनी चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. एकच पाकीट आण, ह्यांना सांगू नको, असं म्हणून मी त्याच्यापुढे हात जोडले. लाज वाटली, पण पाय त्याहून जास्त दुखत होते.

त्यानं चिठ्ठी खिशात घातली आणि गेला. तासभर मी दाराकडे डोळे लावून बसले. तो परत आला तो फक्त पाला घेऊन. चिठ्ठी नाल्यात टाकली म्हणाला. मी त्याला बेवडा म्हणाले, आणखीही बरंच बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तवा तापवला. गरम पाला तो फडक्यात बांधून द्यायचा, हे माझ्या पोटऱ्या शेकायचे. थोडं बरं वाटलं, थोडंच.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला विचारायचं सुचलं. "दारू सोडली तव्हा तुले बी असंच झालं होतं का?"

तो तव्यावरचा पाला उलथत होता.

"आठ दिवस तडफडलो, बाई," तो म्हणाला. "तुमचं दार समोरच होतं."