जुळत नसेल तर थांबवा

ड्रोन उडायच्या तयारीत होता आणि पायलटच्या स्क्रीनवरचे आकडे माझ्या शीटवरच्या आकड्यांशी जुळत नव्हते.

आकडे उतरायच्या जागेचे, म्हणजे अक्षांश-रेखांश; फरक शेवटच्या अंकांतला. जमिनीवर मोजला तर चारेक मीटर, पश्चिमेकडे. एवढ्याशाने काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण खाडीपलीकडच्या ज्या गच्चीवर हा ड्रोन औषधांची पेटी घेऊन उतरणार होता, तिच्यावर रंगवलेल्या लाल क्रॉसपासून चारेक मीटर पश्चिमेला गच्चीची कड होती. आणि कडेच्या बरोब्बर खाली, मांडवात, गावातली वयस्कर मंडळी खुर्च्यांवर बसून वर बघत होती.

उत्तर जपानातल्या तोहोकूच्या किनाऱ्यावरचं ते छोटं गाव. पुन्हा त्सुनामी आली आणि पूल गेला तर पलीकडे औषधं कशी पोचवायची, याचा आमचा डेमो होता. नकाशांचं काम माझ्याकडे. मी सिव्हिल इंजिनिअर, त्यानंतर सर्व्हे आणि जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचे नकाशे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. टोकियोत फुनाबोरीला राहायचे आणि एका जपानी मॅपिंग कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. ते कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

आता ते चार मीटर. २०११च्या भूकंपात इथली जमीन नुसती हादरली नाही, पूर्वेकडे सरकली. काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत. घरं, रस्ते, गच्च्या, सगळं एकत्र सरकल्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. पण जुन्या नकाशावरचा बिंदू जीपीएसला दिला, तर ड्रोन इमारत पूर्वी जिथे होती तिथे जातो. म्हणजे पश्चिमेला. सरकारने नंतर नवे आकडे काढले, तरी जुने आकडे लोकांच्या फायलींमध्ये राहून गेले. माझं अर्धं काम ते शोधून बदलण्याचंच होतं.

आणि स्क्रीनवरचा बिंदू पश्चिमेलाच होता.

मी मोरी-सानांना गाठलं. ते आमचे सेक्शन हेड; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. शांत माणूस, आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"मोरी-सान, उतरायचा पॉइंट जुना वाटतोय. उड्डाण थांबवायला हवं."

त्यांनी जवळच उभ्या असलेल्या गावच्या मेयरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माने-सान, प्लॅन मीटिंगमध्ये मंजूर झालाय. पायलट क्लायंटचा, ड्रोन कंपनीचा आहे. नंतर बोलू."

"नंतर म्हणजे?"

"उड्डाण झाल्यावर."

"झाल्यावर बोलण्यासारखं काय उरेल?"

त्यांची अडचण मला कळत होती. तिथे कुठलीही गोष्ट आधी एकेकाला भेटून पटवायची, मग मीटिंगमध्ये मांडायची. सगळ्यांसमोर आयत्या वेळी नाही म्हणणं म्हणजे मंजुरी देणाऱ्या प्रत्येकाचा अपमान. त्यातून मी कॉन्ट्रॅक्टवरची, परदेशी, आणि ड्रोन आमचा नव्हे.

पंखे फिरायला लागले.

इथे जनरलविषयी सांगायला हवं. ड्रोन कंपनीचे अमेरिकन सल्लागार. अमेरिकी सैन्यात तोफखान्यात जन्म घालवून जनरल पदावरून रिटायर झालेले. सगळे त्यांना जनरल-सान म्हणत. माझा नवरा घरी विचारायचा, "काय गं, तुझा तोफवाला आज काय म्हणाला?" पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं होतं, "तुमचे वडील काय करतात?"

"रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे."

"माझे तंबाखू पिकवायचे. आमच्याकडे कॉलेजात गेलेला मी पहिला. सैन्याची स्कॉलरशिप नसती तर आज मीही तंबाखूच्या शेतात असतो."

त्या दिवसापासून आमचं जमलं. डेमोच्या आदल्या दिवशी कोनबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, बेंतोचा तयार डबा खाताना त्यांनी तोफांचं काम समजावलं होतं. पुढे बसलेला एक जण लक्ष्य बघतो. मागे गणित करतात. तोफा त्याहून मागे. तोफेवरच्या माणसाला आपला गोळा कुठे पडतो ते दिसतच नाही, म्हणून गणित दोघे जण वेगवेगळं करतात. उत्तर जुळलं तरच गोळा सुटतो.

"आणि नाही जुळलं तर?"

"चेक फायर. हे दोन शब्द ऐकले की सगळं थांबतं. कालच भरती झालेला पोऱ्या ओरडला तरी थांबतं. मी जनरल असलो तरी आधी थांबायचं, मग विचारायचं."

"आमच्या ऑफिसात असं ओरडलं तर नोकरी जाईल."

"मग तुमच्या ऑफिसच्या हातात तोफा देऊ नयेत," असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं उचललं.

ड्रोन वर गेला. टाळ्या वाजल्या. मी पायलटच्या टेबलाकडे चालत निघाले. मोरी-सान हलक्या आवाजात म्हणाले, "माने-सान." मी थांबले नाही. ड्रोन खाडीच्या मध्यावर पोचला होता. जपानीत सभ्यपणे कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करायला सवड नव्हती.

"चेक फायर!" मी ओरडले. "थांबवा!"

पायलट दचकला. मागून जनरलचा आवाज आला, माझ्याहून कितीतरी मोठा. "चेक फायर! होल्ड!"

ड्रोन पाण्यावर जागच्या जागी थांबला आणि घोंगावत राहिला. मांडवातल्या माना एकदम आमच्याकडे वळल्या. मेयरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही.

ड्रोन परत आणला. मी दोन्ही आकडे शेजारी ठेवून दाखवले. पायलटने ते वाचले, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"हा पॉइंट जुना नाही," तो म्हणाला. "काल संध्याकाळी आम्हीच हलवला. गावाने क्रॉसच्या पूर्वेला पाण्याची टाकी आणून ठेवली. पंखा तिला लागू नये म्हणून दोन मीटर पश्चिमेला घेतला. आणि तुमच्या शीटमधला बिंदू क्रॉसचा नाही, टाकीच्या बाजूचा आहे. मधलं अंतर म्हणून जास्त दिसतंय. कडेपर्यंत अजून दोन मीटर आहेत, उतरायला पुरेशी जागा."

मी पुन्हा मोजलं. तो बरोबर होता. शीटमधला बिंदू मला गावाने दिलेला, क्रॉस रंगवायच्या आधीचा. पॉइंट हलवल्याचं आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, पण ड्रोन सुखरूप उतरला असता. मी सगळ्या गावासमोर विनाकारण ओरडले होते.

मोरी-सान मेयरांसमोर कमरेतून वाकले. मीही वाकले. मनात एकच विचार होता: सामान किती बॉक्समध्ये मावेल?

सरळ झाले तेव्हा समोर जनरल उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात असा हलवला की सगळ्यांना दिसावं.

"पण माझं चुकलं," मी म्हणाले.

"आकडे जुळत होते?"

"नाही."

"मग काय चुकलं?" ते मेयरांकडे वळले. मोरी-सान भाषांतर करू लागले. "मी नवा लेफ्टनंट असताना अख्खी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, थांबवली होती. सहा तोफा. तपासलं तर सगळं ठीक. वाटलं, आता घरी पाठवतात. माझ्या बॅटरी कमांडरने सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला. माझ्यासाठी नाही. बघणाऱ्यांसाठी. पुढच्या वेळी ज्याला खरंच काही दिसेल, त्याने तोंड उघडावं म्हणून."

मोरी-सानांचं भाषांतर शेवटच्या वाक्याला जरा अडखळलं. मग त्यांनी ते पूर्ण केलं. पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश.

डेमो अर्ध्या तासाने झाला. पेटी नीट उतरली. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण मोरी-सान कित्येक आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. उड्डाणाच्या नियमांत मात्र त्यांनी स्वतःच एक ओळ घातली: कुणीही थांबवू शकतं.

पुढच्या वर्षी त्याच गावात, तीच गच्ची. जनरल तोवर अमेरिकेला परतले होते. मांडव पुन्हा त्याच बाजूला. ड्रोन उडणार एवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी हात वर केला आणि दाबलेली शिंक निसटावी तितक्या हळू म्हणालं, "चेक्कु फाया."

मोरी-सान होते.

पायलटने ताबडतोब पंखे बंद केले. तपासलं. वारा वाढला तर उतरायचा म्हणून जो राखीव पॉइंट ठेवला होता, तो कुणीतरी जुन्या फाइलमधून उचलला होता. भूकंपाच्या आधीचा. प्रत्यक्षात तो गच्चीच्या बाहेर, मांडवावर पडत होता. आणि वारा सकाळपासून वाढतच होता.

मी मोरी-सानांसमोर हात पुढे केला. त्यांनी आधी तो नुसता पाहिला. मग रुमालाला तळवा पुसला आणि माझा हात धरला.

"या वेळी खरंच चूक होती," ते म्हणाले. जणू त्याबद्दल माफी मागत होते.

आमच्या कंपनीच्या रेकॉर्डमध्ये दोन्ही घटना आहेत. कोण बरोबर निघालं, असा रकाना त्यात नाही. दोन्हीपुढे एकच शब्द आहे: थांबवलं.